शेगडी आणि पांढरे पाय

माझे पाय सावळे आहेत. टाचांना भेगा आहेत आणि डाव्या अंगठ्याचं नख लहानपणी खुरप्यानं उडालं ते परत नीट आलंच नाही. पांढरं म्हणावं असं त्या पायांत काही नाही. तरी अंगावरची हळद पुरती उतरली नव्हती तेव्हाच मला ‘पांढऱ्या पायाची’ हे नाव पडलं, आणि कशावरून, तर कोंबड्या मेल्या म्हणून. घरात कुणी माणूस गेलं की नव्या सुनेला असं बोलतात, हे ऐकून होते. कोंबड्यांपायी हे ऐकून घेणारी मी बहुधा पहिलीच असेन.

सासर हर्सूलच्या पुढं, जळगाव रोडवरून आत. पूर्वीचं खेडं, आता शहर अंगावर आलेलं. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला प्लॉटच्या पाट्या. नवरा शेंद्र्याच्या एका कंपनीत पाळीनं कामाला. माझं माहेर खुलताबादच्या बाजूला, शेतातच घर. त्यामुळं सासरच्या मागच्या अंगणात कोंबड्या बघितल्या तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, इथं कुणीतरी ओळखीचं आहे.

कोंबड्या सासूबाईंच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सासरे गेल्यापासून त्यांचा जीव त्या गावरान कोंबड्यांत गुंतला होता. सकाळी उठल्यावर माणसांशी बोलायच्या आधी त्या कोंबड्यांशी बोलायच्या. कोण खुडूक बसली, कुणाचा पाय मुरगळला, कुणाला दुसरी टोचते, सगळं त्यांना ठाऊक. त्यांचं ते प्रेम खोटं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल काही बरं बोलेन याची मला खात्री नाही.

त्या साली घरात तीन गोष्टी नव्या आल्या. जुनं पत्र्याचं घर पाडून नवऱ्यानं लग्नाआधी स्लॅबचं घर बांधलं, सरकत्या काचेच्या खिडक्यांचं. तुराट्यांचं जुनं खुराडं मोडून उरलेल्या विटांचं पक्कं खुराडं झालं. आणि तिसरी मी. पुढं जे झालं त्याचा दोष या तिघांपैकी कुणावर तरी जाणार होता, आणि स्लॅबला कुणी बोलत नसतं.

नवं खुराडं म्हणजे लहानशी खोलीच होती. विटांना आतून बाहेरून गिलावा, वर पत्रा, पत्र्याखाली फ्लेक्स. कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता तो. कोंबड्या रोज त्याच्या जोडलेल्या हातांखाली झोपायच्या. दाराच्या खाली एक फट आणि पत्र्यापाशी बारीक सापट, हवेला तेवढीच वाट राहिली होती.

मार्गशीर्षात थंडी पडली. आत्याबाईंनी माळ्यावरची लोखंडी शेगडी काढली, तिच्यात कोळसे फुलवले, धूर जाईपर्यंत अंगणात ठेवली आणि लाल झाल्यावर खुराड्यात नेऊन मधोमध ठेवली. भोवती विटा लावल्या, कुणी अंगावर जाऊन भाजू नये म्हणून. एवढी काळजी. सकाळी दार उघडलं तर दोन कोंबड्या आडव्या.

आत्याबाई तिथंच मातीत बसल्या. मेलेली कोंबडी मांडीवर घेऊन तिची मान इकडं तिकडं वळवून बघत होत्या. “मानमोडी म्हणावं तर मान सरळ हाय. देवी म्हणावं तर डोळं साफ हायेत. मंग काय झालं गं माझ्या पाखराला?”

शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. ती म्हणाली, “वारं लागलं, दुसरं काय.”

आमच्याकडं वारं हा शब्द फार सोयीचा. थंडी बाधली तर वारं. हात लुळा पडला तर वारं. कुणाच्या अंगात आलं तरी वारंच. आणि वाऱ्यावर सगळ्यांचा इलाज एक, दिसेल त्या फटीत बोळा कोंबायचा. आत्याबाईंनी दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. कोळसे थोडे वाढवले. दुसऱ्या दिवशी आणखी मेल्या. मग पत्रा आणि भिंत यांच्यामधली सापट चिखलानं लिंपली. आणखी मेल्या. जितकं मरण वाढत गेलं तितकं खुराडं बंद होत गेलं, आणि जितकं बंद होत गेलं तितकं मरण वाढत गेलं. आज हे लिहिताना राग येतो, पण तेव्हा मलाही लगेच उमगलं नव्हतं. सगळ्यांसारखी मीही मेलेल्या कोंबडीकडंच बघत होते.

मी शेतातली. आमच्या घरी रोगानं मेलेल्या कोंबड्या मी पाहिल्या होत्या. रोगी कोंबडी आधी खाणं टाकते, पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, हगवण लागते. या कोंबड्या संध्याकाळी दाणे टिपून आत गेलेल्या. मेलेलीच्या गळ्याशी हात लावला तर दाण्यांची पिशवी टच्च भरलेली. आणि तुरा. मेल्यावर तुरा काळपट पडायला हवा, तो लालबुंद. बाजारात विकायला आणलेल्या तरण्या कोंबडीसारखा. काही कोंबड्या मेलेल्या नसायच्या, नुसत्या झिंगलेल्या असायच्या. त्यांना उचलून अंगणात उन्हात टाकलं की थोड्या वेळानं डोकं वर करायच्या, दारू उतरल्यासारख्या चालायला लागायच्या. आत्याबाई म्हणायच्या, “बघ, उन्हानं वारं उतरलं.”

मध्येच आभाळ भरून आलं, थंडी पळाली. शेगडी पेटली नाही. त्या दिवसांत एकही कोंबडी मेली नाही. आभाळ उघडलं, गारठा आला, शेगडी आली, मरण आलं. आणि एक तांबडी कोंबडी होती, कुणाचं न ऐकणारी. ती खुराड्यात जायचीच नाही. शेवग्यावर बसायची, थंडीत, उघड्यावर. ती ठणठणीत.

मी हे जेवताना बोलून दाखवलं. “आत्याबाई, शेवग्यावरचीला काही होत नाही. आतल्याच मरतात. शेगडी ठेवली की मरतात.”

आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. माझ्याकडं बघितलंच नाही, लेकाकडं बघून बोलल्या. “ह्या अंगणात आजवर अशी मर नव्हती. तुझा बाप गेला तवाबी एक पिल्लू मेलं नाय. हिचा पाय घरात पडला अन् माझं खुराडं बसलं. पांढऱ्या पायाची आणली रे तू.”

नवरा जेवत राहिला. वरण मागितलं त्यानं. मला आजही त्या शब्दापेक्षा ते वरण जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी मी डोळे दाखवायला जाते म्हणून निघाले. पिशवीत मेलेली कोंबडी. शेअर रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन बसले तर रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, “भाभी, मुर्गी जिंदा है के नै? सीट खराब करेगी.” मी म्हटलं, नाही करणार, तिचं सगळं करून झालंय.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. आधी त्यांनी मला मागं जाऊन बसायला सांगितलं, कारण पुढं एक म्हैस होती. मग बोलावलं. मी दाण्यांची पिशवी, तुरा, शेवग्यावरची, आभाळाचे दिवस, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. लग्न झाल्यापासून माझं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं ते त्या म्हशीच्या शेजारी. त्यांनी कोंबडी टेबलावर ठेवून उघडली. रक्त पळसाच्या फुलासारखं लाल.

“रोगाची खूण दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “पक्कं सांगायचं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. पण तुम्ही सांगताय त्यावरून आणि या रक्तावरून मला शेगडीचाच संशय आहे. कोळसा लाल झाला, धूर थांबला, म्हणून लोकांना वाटतं आता भीती नाही. उलट असतं. त्यातून जो वायू निघतो त्याला ना रंग ना वास. बंद जागेत तो साठतो आणि जीव झोपेतच जातो. बाथरूममध्ये गॅसच्या गीझरनं माणसं जातात ना, तसंच.”

मी विचारलं, “मग कोंबड्याच का?”

“कोंबडीचा जीव लहान, श्वास भरभर. म्हणून ती आधी जाते.”

“आणि माणूस?”

“माणूस तिच्या मागून,” असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या. परत येऊन त्यांनी सगळं नीट सांगितलं. मोठ्या कोंबडीला शेगडीची गरजच नसते, तिच्या अंगावर पिसांची गोधडी असते. खाली कोरडा भुसा हवा, अंगावर थेट झोत नको, पण वरच्या अंगाला हवा खेळायला जागा हवीच. पिल्लांना ऊब लागते, तिथं बल्ब लावा, साखळीनं पक्का टांगा, भुशापासून लांब, नाहीतर आग लागेल. आणि शेगडी बंद जागेत कुणासाठीच नाही.

मी परत येताना मनातून खूश होते. आता सांगते, खूश होते. मूर्खासारखी. मला वाटत होतं, खरं कारण कळलं, आता माझ्यावरचं बालंट गेलं.

घरी सगळं सांगितलं. नवरा हसायला लागला. “कोंबडीचं पोस्टमॉर्टेम करून आली काय तू? कंपनीत सांगितलं तर लोक या विनोदावर चहा पाजतील मला.” आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “म्हंजी मीच मारल्या म्हणती व्हय तू?”

काय सांगणार? व्हय म्हणाले असते तर खरं होतं आणि नाय म्हणाले असते तर खोटं. रोगानं मेल्या असं मी सांगितलं असतं तर त्यांनी एखाद वेळेस ऐकलंही असतं. पण हे खरं सरळ त्यांच्या हातांवर जाऊन बसत होतं, ज्या हातांनी त्यांनी विटा लावल्या होत्या, कोळसे फुंकले होते. ते त्यांना सोसलं नसतं. माझे पाय परके होते, त्यांच्यावर टाकलेलं सोसवत होतं.

एक मात्र झालं. त्या दिवसापासून शेगडी खुराड्यात गेली नाही. फटीतलं गोणपाटही निघालं. कोंबड्या मरायच्या थांबल्या. शेजारच्या बाईला आत्याबाईंनी सांगितलं, “मारुतीला नारळ फोडला, उतारा टाकला, तवा कुठं थांबलं.” मी भिंतीआड भांडी घासत होते. तारेची घासणी पातेल्यावर इतकी जोरात फिरवली की आतून नवऱ्यानं आवाज दिला, काय चाललंय म्हणून.

शेगडी चिंचेनं घासून, राख झाडून, नणंदेसाठी ठेवली गेली.

नणंद वयानं माझ्याहून लहान, पण नात्यानं मी तिला ताई म्हणते. पाचोडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती संक्रांतीच्या आधी आली आणि दवाखान्यात मुलगा होऊन घरी परतली. घर आनंदानं फुललं. मागच्या खोलीत बाळंतिणीची व्यवस्था झाली. सरकत्या काचा बंद, काचांवर ब्लँकेट, दाराला पडदा, पलंगाखाली शेगडी. शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी. धुरी संपली तरी कोळसे तसेच. “बाळंतिणीला वारं लागता कामा नये,” आत्याबाई सांगायच्या, आणि तो शब्द ऐकला की मला खुराड्याच्या फटीत कोंबलेलं गोणपाट दिसायचं.

मी सांगितलं. दारात उभी राहून सांगितलं, स्वयंपाकघरात सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, “माझी समदी बाळंतपणं ह्याच शेगडीवर झाली. मी मेले का?” मी म्हटलं, “तेव्हा पत्र्याचं घर होतं, आत्याबाई. भिंतीत बोट जाईल अशा फटी होत्या. ही खोली डबीसारखी बंद आहे.” त्या म्हणाल्या, “कोंबडीचं माणसाला नको लावू.” नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “बायकांच्या भानगडीत मला नको ओढू.” मी एकदा कुणाचं लक्ष नसताना बाहेरून खिडकी बोटभर सरकवली. आत्याबाईंना झुळूक लागली. खिडकीत लाकडाची पाचर बसली आणि मला सांगितलं गेलं की बाळाच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही.

कारण स्पष्टच होतं. ज्या पायांनी कोंबड्या खाल्ल्या ते पाय बाळाच्या खोलीत नकोत. स्वयंपाक मात्र मीच करत होते. खसखशीची खीर, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, सगळं. ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागं सरायचं. माझे हात चालत होते, पाय चालत नव्हते.

ताई आतून बोलायची. हळूहळू बोलणं कमी झालं. “वहिनी, डोकं लई धरलंय,” म्हणायची. ताट जसंच्या तसं परत यायला लागलं. उलट्या व्हायला लागल्या. आत्याबाईंनी निदान केलं, बाळंतवात. म्हणजे परत वारंच. कोळसे वाढले. दिवसातून थोडा वेळ ताई बाहेर ओसरीत उन्हाला बसायची तेव्हा तिला बरं वाटायचं, चेहऱ्यावर हुशारी यायची. मी बघत होते. हे सगळं मी आधी एकदा बघितलं होतं, फक्त तेव्हा पिसं होती.

एका दुपारी मी ताट ठेवायला गेले. पडदा जरा बाजूला होता. नुकत्याच बाहेरून आलेल्या आत्याबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि कौतुकानं म्हणत होत्या, “बघ गं, गाल कसं लालबुंद झालंत. बाळसं धरलं माझ्या राजानं. अन् आज रडतबी नाय, कसा शांत निजलाय.” पलंगावर ताई भिंतीकडं तोंड करून पडली होती. हाक मारली तर नुसतं हुं म्हणाली.

बाळाचे गाल तसे लाल मी कुठं बघितले होते ते मला आठवलं.

आरडाओरडा करून उपयोग नव्हता. समजावून तर झालंच होतं. शेगडी बाहेर काढा म्हटलं असतं तर पुन्हा तेच वाद झाले असते, आणि वाद संपेपर्यंत ते बाळ श्वास घेत राहिलं असतं, त्याच हवेत. त्या क्षणी मला एकच गोष्ट माहीत होती जिला आत्याबाई खरोखर घाबरतात. मी ताट खाली ठेवलं आणि उंबरा ओलांडला. दोन्ही पाय आत ठेवले. चालत जाऊन पलंगावर बाळाच्या दुपट्यापाशी बसले आणि पाय वर घेतले.

आत्याबाईंनी जी किंकाळी फोडली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. बाळाला छातीशी घट्ट धरून त्या माझ्यापासून लांब पळाल्या, खोलीबाहेर, ओसरीतून थेट अंगणात, उघड्या हवेत. मला तेवढंच हवं होतं. मी पाचर उपटली, काचा सरकवल्या, ताईला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. ती अंगणात ओकली आणि तिथंच मातीत बसली. बाळाला आत्याबाई हलवत होत्या. बराच वेळ ते काही करेना. मग बारीक आवाजात रडलं, मग मोठ्यानं. मीही रडले. पण माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, लोक जमले होते आणि आत्याबाई त्यांना सांगत होत्या, “हिनं खोलीत पाय ठिवला अन् माझी लेक जागच्या जागी कोसळली!”

ऐकणाऱ्यांना ते पटलं. त्यांनी बघितलं होतं ते तेवढंच.

शहरातल्या दवाखान्यात ताईला आणि बाळाला ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, खोलीत काय पेटवलं होतं. शेगडी म्हटल्यावर ते नवऱ्यावर असे भडकले की तो मान खाली घालून उभा राहिला. म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती. आत्याबाई तिथंच होत्या. त्यांनी ऐकलं. नवऱ्यानं ऐकलं. मला वाटलं, आता तरी.

घरी येताना रिक्षात नवरा म्हणाला, “डॉक्टर म्हणतात ते खरं असंल. पण तुला आत जायची काय गरज होती? बाहेरून सांगायचं ना.”

बाहेरून सांगायचं. त्याला खरंच तसं वाटत होतं. भांडायलासुद्धा माझ्या अंगात बळ उरलं नव्हतं.

खोली गोमूत्र शिंपडून धुतली. खिडक्या उघड्या राहिल्या, कारण बाधा बाहेर जायला हवी होती. शेगडी परत आली नाही, कारण मी त्या पलंगावर बसले तेव्हा ती माझ्या पायांखाली होती. बारशाला पाळण्याची दोरी बायका आळीपाळीनं धरत होत्या. माझी पाळी आली तेव्हा अलीकडचीनं दोरी मला ओलांडून पलीकडचीला दिली. ताईनं ते बघितलं. ती काही बोलली नाही. तिला सगळं ठाऊक होतं, आत ती होती, बाहेर तिला मी ओढलं होतं. सासूचा मला राग येतो, नवऱ्याचा येतो, पण त्या गप्प बसण्याचा जो आला तो वेगळा होता. सव्वा महिन्यानं ती पाचोडला गेली आणि तिच्याबरोबर माझं हे नवं नावही तिकडं पोचलं. आमच्या शहराचं नाव सरकारनं बदललं तर लोक अजून जुनं विसरत नाहीत. माझं नवं नाव एका दमात सगळ्यांना पाठ झालं.

पुढच्या हिवाळ्यात एके सकाळी ताईचा फोन आला. आवाज दबलेला, कुणीतरी शेजारच्या खोलीत असल्यासारखा. तिच्या धाकट्या जावेचं बाळंतपण झालं होतं, तिला माहेर नव्हतं म्हणून सासरीच, पाचोडला. “सासूबाईंनी खोलीत शेगडी घालायची ठरवलीय वहिनी. आज तिन्हीसांजेपासून. खिडक्यांना कागद लावलेत. मी लई सांगून बघितलं.”

“डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणल्या, डॉक्टर समद्यालाच नको म्हणतेत.” मग तिनं आवाज आणखी उतरवला. “वहिनी, राग नाय ना येणार? तुम्ही येता का? बाळ बघायला म्हणून. नुसत्या खोलीत येऊन गेलात तरी...”

पुढचं तिला बोलवेना. बोलायची गरजही नव्हती. मला हसू आलं. वर्षभर जिनं एक शब्द माझ्या बाजूनं काढला नाही, तिला आता माझे पाय हवे होते. नाही म्हणायचं मनात आलं. अगदी ओठांवर आलं. मग लालबुंद गाल डोळ्यांपुढं आले आणि मी विचारलं, “बस कितीला आहे?”

मी बाळंतविडा घेऊन गेले. झबलं, टोपडं, डिंकाचे लाडू, सगळं रीतसर. पाचोडच्या घरी दारातच ताईच्या सासूबाईंनी मला ओळखलं आणि त्यांचं तोंड उतरलं. पाटावर बसवलं, म्हणाल्या, “इथंच बसा पाव्हणीबाई, बाळाला हितं आणून दावते.” मी म्हटलं, “आणता कशाला, मीच बघून येते,” आणि उठून सरळ आत गेले. खोलीत कोपऱ्यात शेगडी मांडून ठेवली होती, कोळसे भरून, पेटवायची तेवढी बाकी. मी तिच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले, पाऊल लागेल इतकी जवळ. बाळंतीण माझ्याकडं घाबरून बघत होती. पोरगीच होती. तिला मी काय करतेय ते कळणं शक्य नव्हतं आणि सांगून काही उपयोग नव्हता.

मग जे व्हायचं ते झालं. बाळाला उचललं, बाळंतिणीला उठवलं, दोघांना पुढच्या हवेशीर खोलीत हलवलं. मागच्या खोलीच्या खिडक्यांचे कागद फाडले. शेगडी मागच्या दारानं बाहेर गेली. लाडूंचा डबा कुणी उघडला नाही. चहा कुणी विचारला नाही. मी चप्पल घातली आणि निघाले.

ताई स्टँडपर्यंत माझ्याबरोबर आली. बाजाराचा दिवस नव्हता, स्टँडवर थोडीच माणसं होती. बस लागली. ताईनं आधी इकडं बघितलं, मग तिकडं बघितलं, ओळखीचं कुणी नाही याची खात्री केली आणि मग पाया पडायला पटकन खाली वाकली.

मी पाय मागं घेतले आणि बसमध्ये चढले.